ईमेल प्रणाली बदलताना : स्वयंचलित स्थलांतराच्या कक्षेबाहेर काय राहते

केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल खाती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) जुन्या प्रणालीवरून झोहो या चेन्नईस्थित कंपनीच्या मंचावर हलविण्यात आल्याचे वृत्त ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. निविदा प्रक्रियेनंतर २०२३ मध्ये कंपनीला सात वर्षांचे कंत्राट मिळाले होते. कर्मचाऱ्यांचे पत्ते मात्र पूर्वीचेच राहिले. त्याच महिन्यात जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने आउटलुक व एक्स्चेंज सोडून थंडरबर्ड व ओपन-एक्स्चेंज स्वीकारण्याचे काम पूर्ण केल्याचे जाहीर केले. सुमारे सहा महिन्यांत ४० हजारांहून अधिक मेलबॉक्स आणि १० कोटींहून अधिक ईमेल व दिनदर्शिकेतील नोंदी तेथे हलविण्यात आल्या.

एवढे काम हाताने होणे शक्य नाही. एका खात्यासाठी वीस मिनिटे धरली, तरी हजार खात्यांसाठी एका तंत्रज्ञाचे आठ तासांचे चाळीसहून अधिक दिवस खर्ची पडतात. म्हणून वापरकर्त्यांची यादी तयार करून पुढील काम स्क्रिप्टकडे, म्हणजे एकामागून एक आज्ञा पार पाडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे, सोपविले जाते.

सर्व्हरवरील टपाल हलविणे हा त्यातला तुलनेने सोपा भाग. ‘आयमॅप’ या प्रमाणित पद्धतीमुळे जुन्या सर्व्हरवरील फोल्डर व पत्रे, वाचलेले-न वाचलेले या खुणांसह, नव्या सर्व्हरवर उतरविता येतात. ‘आयमॅपसिंक’सारखी साधने हेच करतात. पहिली फेरी कार्यालयीन कामकाज चालू असतानाच होते. तिला काही दिवसही लागू शकतात. त्यानंतर नवे टपाल कोणत्या सर्व्हरकडे जावे हे सांगणारी डोमेनची नोंद बदलतात आणि दुसऱ्या फेरीत मधल्या काळात आलेली पत्रे तेवढी उचलतात.

संगणकावरील नव्या प्रोग्रॅमची जुळणीही बरीचशी आपोआप होते. थंडरबर्डमध्ये नाव, पत्ता व पासवर्ड एवढेच भरले की उरलेला तपशील संस्थेने डोमेनवर ठेवलेल्या फाइलमधून घेतला जातो. पासवर्ड मात्र सहसा हलविता येत नाही. सर्व्हरवर मूळ पासवर्ड नव्हे, तर त्यापासून तयार केलेला सांकेतिक ठसा साठविलेला असतो. त्यामुळे बहुतेक ठिकाणी नवा पासवर्ड देणे भाग पडते.

खरी अडचण असते ती सर्व्हरवर नसलेल्या गोष्टींची. मेलबॉक्स भरत आला की जुनी पत्रे आपल्या संगणकावरील ‘पीएसटी’ फाइलमध्ये काढून ठेवण्याची सवय अनेक कार्यालयांत आहे. जुन्या ‘पॉप’ पद्धतीत तर पत्र उतरवून घेतल्यावर सर्व्हरवरची प्रत पुसली जाणे हीच मूळ रीत होती. अशी पत्रे सर्व्हर ते सर्व्हर चालणाऱ्या स्क्रिप्टला दिसतच नाहीत. पत्तावही, पत्रे वर्गवार लावणारे नियम, स्वाक्षरीचा मजकूर यांचीही तीच गत. ‘स्थलांतर शंभर टक्के पूर्ण’ असा अहवाल हाती पडतो. त्या टक्क्यांत टेबलाखालच्या संगणकातली दहा वर्षे धरलेली नसतात.

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांनी आणखी एका बाबीकडे लक्ष द्यावे. आयमॅपच्या प्रचलित आवृत्तीत इंग्रजीखेरीज अन्य लिप्यांतील फोल्डरनावे विशिष्ट सांकेतिक रूपात साठविली जातात. ‘आवक’ किंवा ‘न्यायालयीन प्रकरणे’ या नावांचे भाषांतर स्क्रिप्टने नीट केले नाही, तर नव्या प्रोग्रॅममध्ये रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसते. पत्रे सुरक्षित असतात, पण शोधणाऱ्याला ती हरवल्यासारखीच वाटतात. चाचणीसाठी निवडलेल्या खात्यांत देवनागरी नावांचे फोल्डर असलेली काही खाती म्हणूनच असावीत.

सरकारी कार्यालयात हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील ‘माहिती’च्या व्याख्येत ईमेलचा स्पष्ट उल्लेख आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ नुसार संगणकावर निर्माण झालेले साहित्यही अभिलेखात मोडते आणि केंद्र सरकारच्या अखत्यारीतील असे अभिलेख विहित पद्धतीखेरीज नष्ट करता येत नाहीत. उल्लंघन केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. जुने संगणक भंगारात काढण्याआधी त्यांतील पत्रांच्या फाइल गोळा करण्याचे काम तंत्रज्ञांच्या यादीत शेवटी नव्हे, आरंभी असायला हवे. त्यासाठी प्रत्येक विभागातील लिपिकाशी बोलावे लागते. कोणती पत्रे कुठे आहेत हे त्यालाच ठाऊक असते.

पडताळणीसाठी दोन्ही सर्व्हरवरील पत्रांची फोल्डरवार मोजणी करतात. आकडे जुळले नाहीत, तर फार मोठ्या जोडफाइली, दुबार प्रती किंवा खराब झालेली पत्रे ही नेहमीची कारणे असतात. जुना सर्व्हर काही महिने केवळ वाचनासाठी चालू ठेवणे खर्चाचे असले तरी टाळू नये.

स्थलांतराचा काळ फसवणूक करणाऱ्यांच्याही सोयीचा असतो. ‘आपला मेलबॉक्स नव्या प्रणालीवर नेण्यासाठी येथे पासवर्ड भरा’ असे बनावट पत्र एरवी संशयास्पद वाटले असते. या दिवसांत ते अपेक्षितच वाटते. स्थलांतराची तारीख, नव्या प्रवेशपानाचा पत्ता आणि मदतकक्षाचा दूरध्वनी क्रमांक ईमेलने न पाठविता कार्यालयप्रमुखाच्या सहीच्या छापील परिपत्रकाने कळविणे हा त्यावरचा जुना, पण अजूनही उपयोगी पडणारा उपाय आहे.