तेरा महिन्यांचं वर्ष

डोळे उघडा. घंटाघराच्या वरच्या खोलीत आहात तुम्ही, दाराला बाहेरून कुलूप आहे. घरचं कॅलेंडर आता विसरायचं. पृथ्वी कधीच मागे सुटली, आणि या ग्रहावर वर्ष तेरा महिन्यांचं. त्या हिशेबाने तुमचं वय जेमतेम तेरा. नाव टॉड ह्यूइट.

कान उघडे ठेवा. या ग्रहावर पुरुषांच्या मनात येईल ते सगळ्यांना ऐकू येतं. त्याला इथे नॉइज म्हणतात. बायकांचं मन मात्र ऐकू येत नाही, आणि इथली निम्मी भांडणं त्यातूनच उगवली आहेत. जनावरंही बोलतात. तुमच्या वाट्याला आलेली अँगहॅरड ही घोडी तुम्हाला शिंगरूच समजते. अख्ख्या गावात तेवढंच एक निरागस मत तुमच्याबद्दल उरलं आहे.

गावाचं नाव कालपरवापर्यंत हेवन होतं. तुम्ही तुमच्या जखमी मैत्रिणीला, व्हायोलाला, उचलून आसऱ्याला इथे आलात, तर गावाने प्रेंटिसपुढे एकही गोळी न झाडता शरणागती पत्करलेली. आता तो स्वतःला अध्यक्ष म्हणवतो. नॉइज बंद करणारं औषध हेवनकरांनीच शोधलं होतं, तेही त्याच्या ताब्यात. तो ओरडत नाही, शिवीगाळ करत नाही. समजूतदार काकासारखा बोलतो. व्हायोला जिवंत आहे, सुखरूप आहे, तुम्ही सहकार्य केलंत तर भेटेलही. एवढंच.

म्हणून तुम्ही कामाला जाता. जुन्या मठाच्या आवारात स्पॅकल कोंडलेले आहेत. हा ग्रह मुळात त्यांचाच. चाऱ्यातून औषध घालून त्यांचा नॉइज मिटवलाय, उरली आहे फक्त जिभेची टकटक. सोबत अध्यक्षाचा मुलगा डेव्ही. व्हायोलाला गोळी घातली ती यानेच. तुमच्या हातात जड हत्यार दिलं जातं. पुढचा हात पांढरा, सडपातळ. मनगट आणि कोपराच्या मध्ये आकड्याची लोखंडी पट्टी ठेवायची आणि दाबायचं. गुरांना लावतात तीच पट्टी, कातडीला धरून राहते. पुढचा. पुढचा. 1017 क्रमांकाचा जो आहे, तो नजर खाली घालत नाही. संध्याकाळपर्यंत डेव्हीच्या विनोदावर तुम्हाला चक्क हसू येतं.

काही दिवसांनी तेच हत्यार घेऊन तुम्ही बायकांच्या रांगेसमोर उभे असता.

पॅट्रिक नेस यांच्या ‘द आस्क अँड द आन्सर’ या कादंबरीतला हा भाग वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कुमारांसाठी लिहिणारे लेखक नायकाला मार खायला लावतात, रडवतात. पण मारणाऱ्यांच्या बाजूला सहसा उभं करत नाहीत. नेस करतात. ‘द नाइफ ऑफ नेव्हर लेटिंग गो’ या आधीच्या भागात टॉड पळत होता, आणि पळणाऱ्याला चांगलं राहणं सोपं असतं. दुसऱ्या भागात त्याला एका जागी कोंडलं की खरी परीक्षा सुरू होते. आणि तो नापास होतो, रोज थोडा थोडा.

मग आता जागा बदला. आता तुम्ही व्हायोला. तिच्या आणि टॉडच्या निवेदनाची प्रकरणं आलटूनपालटून येतात. जखम बरी करणाऱ्या वैद्यबाई मिस्ट्रेस कॉइल या बंडखोर ‘आन्सर’च्या म्होरक्या निघतात. बाजू न्यायाची, हे मान्य. पण तुमच्याच पाठीवरच्या पिशवीत तुम्हाला न सांगता बॉम्ब ठेवला जातो, तेव्हा काय कराल? जहाजात झोपलेले पुढचे वसाहतकरी या ग्रहाच्या वाटेवर आहेत, आणि ते कोणाच्या राज्यात उतरणार याच्यासाठी दोन मोठी माणसं दोन पोरांना वापरून घेत आहेत. पोरांवरचं प्रेम दोघांनाही खरंच वाटत असावं, हीच तर भीतीची गोष्ट.

या पुस्तकाला 2009 चा कोस्टा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. माझ्या मते तीन भागांतला हाच सर्वांत कठीण आणि सर्वांत चांगला. शेवट फोडत नाही. फक्त इतकंच, की सुरुवात पहिल्या भागापासून करा आणि 2010 मध्ये आलेला ‘मॉन्स्टर्स ऑफ मेन’ आधीच आणून ठेवा, कारण दुसरा भाग संपतो तेव्हा युद्ध नुकतं दारात आलेलं असतं.