मातीच्या किल्ल्यांच्या अभ्यासाकडे

वेल्समधले किल्ले म्हटले की पहिल्या एडवर्डने बांधलेले कारनार्व्हन, कॉनवी, हार्लेख डोळ्यांपुढे येतात. या विषयात नव्याने येणाऱ्याने मात्र सुरुवात त्यांच्या दोनशे वर्षे आधीच्या, आज गवताखाली गेलेल्या किल्ल्यांपासून करावी, असा माझा आग्रह आहे. हाताने रचलेली मातीची उंच टेकडी म्हणजे मॉट आणि तिला लागून खंदक व तटाने वेढलेले आवार म्हणजे बेली. ही पद्धत नॉर्मनांनी आणली, पण वेल्श राजांनीही ती उचलली. ओवाइन ग्विनेदने ११४९ मध्ये याल भागात असाच किल्ला उभारला.

माँटगोमेरीजवळचे हेन डोमेन घ्या. सेव्हर्न नदीच्या उतारावर नजर ठेवायला रॉजर द माँटगोमेरीने ते १०७० च्या दशकात बांधले. १२२३ मध्ये तिसऱ्या हेन्रीने जवळच्याच कड्यावर दगडी किल्ला बांधायला घेतला आणि याचे महत्त्व ओसरले. लाकूड कुजले, माती राहिली. १९६० मध्ये फिलिप बार्कर यांनी इथे उत्खनन सुरू केले. पुढे रॉबर्ट हायम त्यांना येऊन मिळाले आणि काम १९९२ पर्यंत चालले. अरुंद चर न खणता त्यांनी मोठे क्षेत्र एकदम उघडले आणि करणीने थर अलगद खरवडत नेले. खांब कुजला त्या जागी मातीचा रंग जेमतेम बदललेला असतो. अशा पुसट डागांवरून त्यांनी एकाच जागी पुन्हा पुन्हा उभ्या राहिलेल्या लाकडी इमारतींचा माग काढला. किल्ल्याच्या मातीखाली तर त्याआधीच्या नांगरलेल्या शेताचे वरंबे निघाले! सरदाराच्या आधी इथे कुणीतरी शेत कसत होते. माझ्या लेखी हा या उत्खननाचा सर्वांत मोठा ठेवा.

मातीचा थर एकदा उलटला की पुन्हा बसवता येत नाही. म्हणून वेल्समध्ये असे अनेक मॉट संरक्षित स्मारकांच्या यादीत घातले आहेत. हे काम वेल्श सरकारची काडू ही संस्था पाहते आणि आता त्यामागे २०२३ चा कायदा आहे. जमीन खाजगी असली तरी संमतीवाचून तिथे खणता येत नाही, मेटल डिटेक्टर फिरवणेही गुन्हा ठरतो. सशांची बिळे, झाडांची मुळे, पावसाळी गुरांचे खूर यांना कायदा कसा अडवणार? तिथे शेतकऱ्याशी बोलावे लागते.

उत्खननही थर कायमचे संपवते. त्यामुळे पुढील प्रकरणांत आधी उंचसखलपणा मोजू, मग जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रे पाहू. खणण्याकडे सर्वांत शेवटी वळू.