नेव्हिल डिसोझा : मेलबोर्नचा काटक आघाडीवीर

कर्जत स्टेशनापासून कांहीं मैलांवर, राजमाचीच्या पायथ्याशीं असलेल्या रानांत कोंडाण्याचीं लेणीं आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागीं, एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ, ब्राह्मी लिपींत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, एवढाच तिचा अर्थ. सुमारें दोन हजार वर्षांचा सह्याद्रीचा पाऊस त्या दगडावर कोसळला, मूर्तीची मोडतोड झाली, पुढचा कडाहि ढासळला. परंतु बलकाचें नांव मात्र अजून वाचतां येतें. छिन्नीनें काम करणाऱ्याला एवढी सोय असते. जो मनुष्य आपली सारी कला चिखलांत, दोन पायांनीं आणि एका चामडी चेंडूनें दाखवितो, त्याचें काय? सामना संपला, पाऊस पडून गेला कीं मैदानावरची खूण पुसली जाते, आणि पाहणारांची पिढी सरली म्हणजे आठवणहि सरते. नेव्हिल डिसोझा या खेळाडूच्या बाबतींत नेमकें असेंच घडलें आहे. १९५६ सालीं मेलबोर्न येथील ऑलिंपिक सामन्यांत यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच खेळांत तीन गोल करणारा हा मुंबईकर गडी आज किती सुशिक्षित घरांतून ठाऊक आहे, याची चौकशी केली तर उत्तर फारसें सुखावह येणार नाहीं.

त्याच्या काळचा फुटबॉल हा आजच्या मानानें अंगमेहनतीचा व धसमुसळा खेळ होता, हें प्रथम ध्यानांत घ्यावयास हवें. गोलकीपरनें चेंडू हातीं धरला तरी त्याला नियमांत राहून खांद्यानें धक्का देण्याची आघाडीच्या खेळाडूंस मुभा असे. उलट बॅकचे खेळाडूहि आघाडीवीरांची गय करीत नसत. चेंडू चामड्याचा, दोरीनें आवळून शिवलेला. पावसांत तो पाणी पिऊन इतका जड होई कीं, डोक्यानें मारतांना दोरीची गांठ कपाळावर लागली तर रक्त निघे. बदली खेळाडूची सोय अशा सामन्यांत नव्हती. गुडघा दुखावला, घोटा मुरगळला, तरी गड्यानें लंगडत कां होईना, पण मैदानावर उभें राहावें, नाहीं तर आपला संघ दहा जणांवर येणार. जागतिक करंडकाच्या सामन्यांत बदली खेळाडू घेण्याची पद्धत सुरू झाली ती १९७० सालीं. काटक हा शब्द त्या काळच्या खेळाडूला लावतांना एवढी पार्श्वभूमि विसरूं नये.

मुंबईंत तर फुटबॉलचा मोसमच मुळीं पावसाळ्याचा. क्रिकेटचें बस्तान आवरलें कीं फुटबॉल बाहेर निघे, आणि कर्जतच्या भातखाचरांत जो पाऊस पडे तोच घाट उतरून आलेल्या ढगांसारखा कूपरेजच्या मैदानावरहि पडे. कूपरेज म्हणजे पिंपें करण्याचा कारखाना. आरमारासाठीं लागणारीं पिंपें अठराव्या शतकांत तेथें बनत, म्हणून त्या भागाला हें नांव पडलें. या शहरांत रोव्हर्स करंडकाचे सामने १८९१ पासून होत असत. पहिला करंडक वूस्टरशायर पलटणीनें नेला, व पुढें चाळीसांहून अधिक वर्षें तो गोऱ्या संघांकडेच राहिला. बंगलोर मुस्लिम्स या संघानें १९३७ सालीं तो प्रथम हिंदी लोकांच्या हातीं आणला. १९०२ पासून हारवूड लीगचे सामनेहि येथें सुरू झाले होते. डिसोझा ज्या कूपरेजवर वाढला तें या परंपरेचें मैदान होतें. चिखल, गर्दी, भिजलेला चेंडू आणि अंगावर येणारे बॅक, हीच तेथील शाळा.

त्याचें मूळ गांव गोव्यांतील बारदेस तालुक्यांतलें आसगांव. ३ डिसेंबर १९३२ हा त्याचा जन्मदिवस. आसगांवच्या शेजारींच शिवोली आहे, आणि फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूंनीं १८८३ सालीं गोव्यांत फुटबॉल प्रथम शिवोलीसच आणला असें सांगतात. चर्चच्या पटांगणांतून हा खेळ तेथील गांवोगांवीं मुरला. पोटापाण्यासाठीं मुंबईस येणाऱ्या गोमंतकीयांनीं तो आपल्याबरोबर आणला. धोबीतलाव व माझगांव भागांत त्यांच्या गांववार कुडी असत. कूड म्हणजे एकाच गांवच्या पुरुषांची सामायिक खोली. भिंतीकडेनें रांगेनें ट्रंका, एका कोपऱ्यांत देव्हारा, आणि बोटीवरून उतरलेला खलाशी, बँडवाला वा आचारी यांना रात्रीपुरती टेकण्याची जागा. या वस्तीला फुटबॉलचें वेड कायमचें होतें. मुंबईच्या फुटबॉलमध्यें गोमंतकीय आडनांवांचा एवढा भरणा कां, याचें उत्तर अशा ठिकाणीं सांपडतें.

डिसोझा टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळे. पुढें तो कॅलटेक्सच्या संघांतहि होता. जागा सेंटर-फॉरवर्डची, म्हणजे जेथें सर्वांत जास्त मार खावा लागतो ती. चपळ, नेमका, आणि गोलसमोर आलेली संधि वायां न घालविणारा अशी त्याची ख्याति होती. त्याचा धाकटा भाऊ डेरेक हाहि पुढें नामांकित खेळाडू झाला.

मेलबोर्नचें महत्त्व कळण्यास त्याआधींचीं दोन ऑलिंपिकें आठवावीं लागतात. १९४८ सालीं लंडन येथें स्वतंत्र भारताचा संघ बहुतांशीं अनवाणी खेळला आणि फ्रान्सकडून दोन विरुद्ध एक असा हरला. त्या सामन्यांत मिळालेल्या दोन पेनल्टी वायां गेल्या. १९५२ सालीं हेलसिंकी येथें यूगोस्लाव्हियानें भारतावर दहा गोल चढविले. भारताचा एकच गोल, तो अहमद खानाचा. थंड प्रदेशांतल्या मैदानावर उघड्या पायांनीं बूटवाल्यांशीं झुंजणें हें शौर्य असेल, पण शहाणपण नव्हे, हें त्या दिवशीं सर्वांस पटलें. त्यानंतर बूट घालणें सक्तीचें झालें. अनवाणी खेळाचें गोडवे गाणारे लोक अजूनहि आहेत. त्यांनीं हा दहा-एकचा आंकडा डोळ्यांपुढें ठेवला तर बरें.

मेलबोर्नला निघालेला संघ हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखालीं तयार झालेला होता. रहीमसाहेब पेशानें शिक्षक. त्यांच्या शिकवणीखालीं हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानें १९५० ते १९५४ अशीं पांच वर्षें ओळीनें रोव्हर्स करंडक जिंकला होता. खेळाडूंनीं आपल्या जागा सोडून कशा बदलाव्या, चेंडू फार वेळ पायाशीं न ठेवतां कसा पुढें द्यावा, हें ते कवाईतीसारखें घोटून घेत. कर्णधार समर बॅनर्जी बंगालचा, उजव्या बगलेवर प्रदीपकुमार बॅनर्जी, शिवाय हैदराबाद व दक्षिणेकडचे अनेक गडी. मुंबईचा म्हणून गोलकीपर नारायण होता आणि डिसोझा होता.

येथें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. डिसोझा ज्या वर्षीं भारताचा सदरा अंगावर घालून मेलबोर्नला गेला, त्या वर्षीं त्याचें आसगांव पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होतें. आदल्याच वर्षीं, १९५५ च्या १५ ऑगस्टला, गोव्याच्या सीमेवर सत्याग्रह्यांवर गोळीबार होऊन अनेकांचे प्राण गेले, आणि भारत सरकारनें गोव्याची नाकेबंदी केली. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजीं. म्हणजे ज्या गांवांत तो जन्मला त्या गांवावर परकी निशाण असतांना त्यानें भारतासाठीं गोल केले. त्या काळच्या मुंबईकर गोमंतकीयांची मनःस्थिति कशी दुभंगलेली असेल, याची कल्पना यावरून करतां येईल.

पहिल्या फेरींत भारताची गांठ हंगेरीशीं पडावयाची होती. पण हंगेरीनें संघ पाठविला नाहीं, म्हणून भारत न खेळतांच पुढें गेला. दुसरीकडे ऑस्ट्रेलियानें जपानला दोन गोलांनीं हरविलें होतें. १ डिसेंबर १९५६ रोजीं हे दोन संघ समोरासमोर आले. मैदान त्यांचें, प्रेक्षक त्यांचे, शरीरयष्टीहि त्यांची अधिक भरदार. नवव्या मिनिटाला डिसोझानें पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोनें तो फेडला. तेहतिसाव्या मिनिटाला डिसोझानें पुन्हां आघाडी मिळवून दिली. मध्यंतरापूर्वीं मॉरोनें तीहि फेडली. दोन दोन अशा बरोबरींत निम्मा सामना संपला, तेव्हां देशांत नव्वद मिनिटांहून कमी वेळाचे सामने खेळण्याची संवय असलेला भारतीय संघ उत्तरार्धांत दमेल अशीच अपेक्षा कोणीहि केली असती. घडलें तें निराळेंच. मध्यंतरानंतर थोड्याच मिनिटांत डिसोझानें तिसरा गोल चढविला, आणि अखेरीस कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यानें चौथा. चार विरुद्ध दोन. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्यें हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून डिसोझाचें नांव घेतलें जातें, तें या दिवसामुळें. चोविसावा वाढदिवस यावयास त्याला दोन दिवस बाकी होते. भारत उपांत्य फेरींत पोहोंचला. आशियांतील कोणताहि संघ तोंवर तेथें पोहोंचला नव्हता.

उपांत्य सामना पुन्हां यूगोस्लाव्हियाशीं, म्हणजे दहा गोलांच्या त्याच जुन्या धन्याशीं. पूर्वार्ध गोलावांचून गेला. उत्तरार्धाच्या आरंभीं डिसोझानें गोल केला आणि भारत एका गोलानें पुढें गेला! ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यापासून भारतीय फुटबॉल तेव्हां जेमतेम चाळीस मिनिटांच्या अंतरावर होता. एवढा जवळ तो पूर्वीं कधीं गेला नव्हता व पुढेंहि गेला नाहीं. परंतु ती आघाडी दोन-चार मिनिटांचीच ठरली. यूगोस्लाव्हियानें सुमारें पाव तासांत तीन गोल केले, आणि चौथा तर भारताच्याच खेळाडूच्या पायानें आंत गेला. चार विरुद्ध एक. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यांत बल्गेरियानें तीन गोलांनीं हरविलें, आणि कांस्यपदकहि हुकलें.

या कामगिरीला कमी लेखणारे टीकाकार आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, मेलबोर्नला अवघे अकरा संघ आले होते, कित्येक देशांनीं अंग काढून घेतलें, आणि भारतास एक फेरी फुकट मिळाली. हें सारें खरें आहे. पण ऑस्ट्रेलियाविरुद्धचे चार गोल फुकट मिळाले नव्हते. ज्या यूगोस्लाव्हियानें चार वर्षांपूर्वीं दहा गोल केले, त्यालाच उत्तरार्ध सुरू होईतों गोल करतां आला नाहीं, हेंहि फुकट घडलें नाहीं. शिवाय त्या ऑलिंपिकमध्यें सर्वाधिक चार गोल करणारे खेळाडू तिघेच. बल्गेरियाचा मिलानोव्ह, यूगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि भारताचा डिसोझा. पहिल्या दोघांच्या देशांनीं पदकें नेलीं. भारताचा चौथा क्रमांक हा मात्र फुटबॉलमधील त्याचा ऑलिंपिकचा उच्चांक होऊन बसला. १९६० च्या रोमनंतर भारतीय संघ ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्यें दिसलेलाच नाहीं.

परतल्यावर डिसोझा पुन्हां कूपरेजच्या चिखलांत उतरला. १९५८ सालीं कॅलटेक्सनें रोव्हर्स करंडक मुंबईंत ठेवला, तेव्हां शहराच्या फुटबॉलला पुन्हां थोडें तेज आलें. त्या करंडकाचे सामनेहि आतां होत नाहींत. शेवटची स्पर्धा २०००-०१ च्या मोसमांत झाली. सरकारनें १९६१ मध्यें अर्जुन पुरस्कार सुरू केले, आणि फुटबॉलचा पहिला मान मेलबोर्नच्याच संघांतल्या प्रदीपकुमार बॅनर्जींना मिळाला, तो योग्यच होता. दुसऱ्या वर्षीं तो तुळसीदास बलरामला मिळाला. तोहि मेलबोर्नच्या चमूंतला. पुढें चुनी गोस्वामी, जर्नेलसिंग, अरुण घोष अशीं नांवें एकामागून एक येत गेलीं. डिसोझाचें नांव त्या यादींत कधींच आलें नाहीं. १९८० सालीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं तो वारला.