मुखकर्करोग आणि प्रकाशगतिक उपचार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
प्रकाशाने सक्रिय होणाऱ्या औषधाद्वारे कर्करोगपेशी नष्ट करण्याच्या पद्धतीस प्रकाशगतिक उपचार म्हणतात. तंबाखू, सुपारी व गुटख्याच्या सेवनामुळे मुखकर्करोग हा आपल्या भागातील गंभीर प्रश्न बनला आहे. प्रस्तुत लेखात या उपचाराच्या इतिहासाचा आढावा घेऊन मराठवाड्याच्या संदर्भात त्याच्या मर्यादांचा विचार केला आहे.

उपचाराची वाटचाल :
श्वित्रावर म्हणजे कोडावर बावची वापरून रुग्णास उन्हात बसविण्याची पद्धत आयुर्वेदात प्राचीन काळापासून आहे. आधुनिक काळात म्युनिक येथील ऑस्कर राब या विद्यार्थ्याने १९०० मध्ये आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. ॲक्रिडीन या रंगद्रव्याच्या द्रावणातील सूक्ष्मजीव अंधारापेक्षा प्रकाशात लवकर मरतात, असे त्यास आढळले. त्याचे गुरू हर्मान फॉन टॅपाइनर यांनी १९०३ मध्ये त्वचेच्या कर्करोगावर इओसिन व प्रकाश यांचा एकत्रित प्रयोग केला. अमेरिकेत थॉमस डोहर्टी यांनी १९७८ मध्ये २५ रुग्णांवरील अनुभव मांडला आणि या उपचारास चिकित्सालयीन आधार मिळाला. २००१ मध्ये युरोपीय संघाने टेमोपॉर्फिन या औषधास डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगासाठी मान्यता दिली. अन्य उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांना आराम देणे, एवढाच तिचा हेतू होता.

तत्त्व व मर्यादा :
औषध, प्रकाश व ऑक्सिजन हे तीन घटक एकत्र आल्यावर अतिक्रियाशील ऑक्सिजन निर्माण होतो व पेशी मरतात. मात्र लाल प्रकाशही ऊतींमध्ये काही मिलिमीटरच परिणामकारक ठरतो. त्यामुळे उथळ व प्रारंभीच्या गाठींतच रोगमुक्तीची आशा अधिक असते. शिवाय फोटोफ्रिनसारखे औषध दिल्यानंतर रुग्णास किमान ३० दिवस उन्हापासून दूर राहावे लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या शेतमजुरास हे पथ्य कसे परवडणार?

महाराष्ट्रातील संशोधन :
मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची स्थापना १९४१ मध्ये झाली. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुखकर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू चघळण्याचा या रोगाशी असलेला संबंध त्यांच्या व सहकाऱ्यांच्या संशोधनाने पुढे आणला. १९८७ मध्ये मराठवाड्याच्या सीमेवरील बार्शी येथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणांची माहिती देऊ लागले, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान लवकर होण्याचे प्रमाण वाढले. या कामासाठी महागड्या यंत्राची गरज पडली नाही, ही बाब लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
प्रकाशगतिक उपचाराचे यश वेळीच झालेल्या निदानावर अवलंबून आहे. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम आणि तोंड कमी उघडणे ही लक्षणे दिसताच तपासणी झाली पाहिजे. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली. तथापि केवळ कायद्याने व्यसन सुटत नाही. विष्णुपुरीच्या परिसरात विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही आहेत. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत मुखतपासणीचा समावेश केल्यास बार्शीचा अनुभव येथेही उपयोगी पडेल. वर्गात रोज विद्यार्थ्यांसमोर उभे राहणाऱ्या प्राध्यापकास ही लक्षणे सर्वांत आधी दिसू शकतात. म्हणून या कार्याचा आरंभ आपल्यापासूनच व्हावा, असे वाटते.