कॅम्प, गावठाण आणि नागरिकशास्त्राचा तास

शहाडच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं इतिहास शिकवला. इतिहासाला जोडून येतं म्हणून नागरिकशास्त्रही शिकवलं. 'जोडून येतं म्हणून' हे शब्द मुद्दाम वापरतोय. आम्ही बहुतेक शिक्षक त्या विषयाकडे तसंच पाहत असू. इतिहासाचा अभ्यासक्रम संपला की उरलेल्या दिवसांत नागरिकशास्त्राची पानं उरकायची. मी फळ्यावर लिहायचं, मुलांनी वहीत उतरवायचं आणि परीक्षेत 'कारणे द्या'मध्ये ते परत यायचं.

आमची शाळा दोन सत्रांची होती. सकाळी इंग्रजी माध्यम, दुपारी मराठी. सकाळच्या सत्रात उल्हासनगरच्या कॅम्पांमधली सिंधी मुलं बरीच, दुपारच्या सत्रात शहाड गावठाण, म्हारळ आणि कारखान्यांच्या चाळींतली मुलं. दोन्हींची गाठ पडायची ती फक्त साडेबाराला, फाटकाशी. १९९६ साली तिथेच, पाण्याच्या नळावर, दोन मुलांची जुंपली. गावठाणातला मुलगा म्हणाला, "निर्वासित कुठले! आमच्या जागेवर येऊन बसलात." दोघांना मी कान धरून आत आणलं आणि प्रकरण मिटलं, असं समजलो.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात एका सिंधी मुलीनं विचारलं, "सर, रेफ्युजी सिटिझन नहीं होता क्या?" मी पुस्तकातली नागरिकाची व्याख्या सांगितली. ती तिचीही पाठ होती. उत्तर मिळालं नाही म्हणून ती खाली बसेना.

त्या रात्री मी संविधानाची प्रत काढली. दुसरा भाग, कलम पाच ते अकरा, नागरिकत्वाचा. कलम सहा मी विद्यार्थी असताना वाचलं होतं आणि विसरलो होतो. पाकिस्तानात गेलेल्या प्रदेशातून भारतात आलेल्या माणसांचं ते कलम. १९ जुलै १९४८च्या आधी येऊन इथे राहिलेल्यांना एक नियम. त्या तारखेला किंवा नंतर आलेल्यांना दुसरा, त्यांनी अर्ज करून नोंदणी करायची. शिवाय स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म अखंड भारतातला असावा, अशी अट दोघांनाही. बहुतेक संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलं, पण नागरिकत्वाची ही मुख्य कलमं दोन महिने आधी, २६ नोव्हेंबर १९४९लाच लागू झाली होती. म्हणजे देशाचा नागरिक कोण हे ठरवताना घटनाकारांच्या नजरेसमोर या मुलीच्या आजोबांसारखी माणसं होती. आणि मी तिला व्याख्या सांगत बसलो होतो!

आता आमच्या जागेविषयी थोडं सांगायला हवं. बोरघाटाच्या डोंगरात उगवलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर करत शहाडला येते आणि पुढे वसईच्या खाडीला मिळते. तिच्या काठची गावं आगरी-कोळ्यांची, भातशेतीची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ लष्करासाठी छावण्या उभारल्या. बॅरेका बांधल्या, पाच कॅम्प झाले. युद्ध संपलं आणि बॅरेका ओस पडल्या. मग फाळणी झाली. कराचीहून बोटीनं मुंबई बंदरात उतरलेल्या आणि रेल्वेनं आलेल्या सिंधी कुटुंबांना या बॅरेकांत जागा देण्यात आली. जवळजवळ लाखभर माणसं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी इथे नव्या शहराची कोनशिला बसवली. 'कल्याण कॅम्प'चं नदीच्या नावावरून 'उल्हासनगर' झालं, पण आजही रिक्षावाल्याला 'कॅम्प एक', 'कॅम्प चार' असंच सांगावं लागतं. त्यानंतरच्या काही वर्षांत शहाडला सेंच्युरी रेयॉन आली. तिच्याबरोबर कोकण, घाट आणि उत्तर प्रदेशातून कामगार आले.

जमीन गेलेले, देश गेलेले आणि पोटासाठी गाव सोडलेले असे तिघे एका स्टेशनावर उतरतात. तिघांच्या घरी आपापली गोष्ट सांगितली जाते आणि तिन्ही खऱ्या आहेत. माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला त्यातली एकच ठाऊक होती. बाकीच्यांविषयी त्याच्याजवळ विनोद होते. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा तुम्हीही ऐकला असेल. तो ऐकताना सिंधी मुलं हसत. घरी जाऊन काय करत, कुणास ठाऊक.

या मुलांना एकत्र कसं शिकवायचं? हा प्रश्न काही मला पहिल्यांदा पडलेला नव्हता. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं नव्या शिक्षणाचा आराखडा केला. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र वेगळे न ठेवता समाजाचा अभ्यास म्हणून एकत्र घ्यावेत, आणि सगळं शिक्षण एखादा हस्तोद्योग, आजूबाजूचा निसर्ग आणि समाज यांच्याशी जोडावं, ही कल्पना. तिला 'समवाय' म्हणत. मुंबई प्रांतात मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी शिक्षण खातं स्वतःकडे ठेवलं होतं. त्यांनी काही भागांत हा प्रयोग सुरूही केला. पुढे तो का बारगळला याची कारणं अनेक आहेत, पण एक आम्हा शिक्षकांचंच आहे. टकळीवरून गणित, टकळीवरून भूगोल, टकळीवरून इंग्लंडचा इतिहास असं ओढूनताणून शिकवलं गेलं आणि चेष्टा झाली. कोठारी आयोगानंतर त्या जागी 'कार्यानुभव' आला. आमच्याकडे त्या तासाला मेणबत्त्या आणि कागदी पाकिटं होत.

दुसरे साने गुरुजी. १९४९च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात. उल्हासनगरचं नाव पडलं त्याच वर्षी हे झालं, हा योगायोग मला अजून बोचतो. आमच्या सिंधी मुलांनी मराठी शिकली, सक्तीची होती म्हणून का होईना. सिंधी शिकलेला एक मराठी मुलगा सव्वीस वर्षांत मला भेटला नाही. मी स्वतःही शिकलो नाही. १९६७ साली ही भाषा आठव्या अनुसूचीत आली, बालभारतीनं तिची पुस्तकं छापली, आणि आमच्या स्टाफरूममध्ये तिचं एक अक्षर कुणाला वाचता येत नव्हतं.

१९९७ला स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव होता. शाळेला कार्यक्रम हवाच होता, म्हणून मला मोकळीक मिळाली. शनिवारी दोन्ही सत्रांच्या नववीच्या मुलांना एकत्र बसवायचं. विषय एकच : आपण इथे कसे आलो. मराठीच्या बाईंनी आजीची गोष्ट लिहून आणायला सांगितली, हवी त्या भाषेत. गणिताच्या सरांनी टेप देऊन मुलांना बॅरेकीत पाठवलं. एका खोलीचं क्षेत्रफळ काढा, माणसं मोजा, दरडोई जागा काढा आणि तीच चाळीच्या खोलीशी ताडून बघा. दरडोई आकडा चाळीचाच कमी आला, तेव्हा मुलांना पहिल्यांदा गंमत वाटली. विज्ञानाच्या बाईंनी लाकडाच्या लगद्याचा धागा कसा होतो ते शिकवलं : कॉस्टिक सोडा, मग कार्बन डायसल्फाइड, मग गंधकाम्लाच्या द्रावणात निघणारा तंतू. ज्यांचे वडील त्या खात्यात काम करत ती मुलं बाईंच्या चुका काढू लागली! भूगोलाला शहाडचं पाणी होतं. इथून उचललेलं पाणी टेमघरला शुद्ध होऊन भिवंडी, ठाणे, मिरा-भाईंदरला जातं. मग आपल्या नळाला ते किती वेळ येतं, असा हिशेब मुलांनीच मांडला.

टकळीपेक्षा नदी बरी, एवढं मी त्यातून शिकलो. तिच्याशी विषय जोडावे लागत नाहीत, ते तिथे असतातच.

इतिहासाचा भाग माझा. मी दोन आजोबांना बोलावलं. एक त्या मुलीचे, मूळचे लाडकाण्याचे. दुसरे नळावरच्या भांडखोराचे, गावातले. मला वाटलं होतं दोघं आठवणी सांगतील, मुलं टाळ्या वाजवतील. गावातले आजोबा उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "छावणीला आमची जमीन नेली. युद्ध संपल्यावर परत देतील असं बापाला वाटत होतं. परत दिली नाही, ह्यांना दिली." वर्ग गप्प झाला. मुख्याध्यापक दारात उभे होते, ते निघून गेले. ही तक्रार एका म्हाताऱ्याची नव्हती. कल्याणजवळच्या नेवाळीत महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनीवरून जून २०१७मध्ये केवढं आंदोलन पेटलं, ते आपण पाहिलं आहे.

लाडकाण्याचे आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी मोडक्या मराठीत विचारलं, "काय लावत होता?" "भात," म्हणून उत्तर आलं. "आमच्याकडेपण भात." सिंधमध्ये भात होतो हे मलाही ठाऊक नव्हतं. कालव्याच्या पाण्यावर, पाऊस जवळजवळ नसताना. गावच्या आजोबांचा विश्वास बसेना. पावसाशिवाय लावणी कशी करतात? पुढचा अर्धा तास दोघं रोपं, चिखल आणि राब यांवर बोलत होते. मुलं ऐकत होती आणि मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. निघताना गावचे आजोबा म्हणाले, "भाताचं ठीक आहे. जमिनीचं बाकी आहे."

तेव्हा त्या मुलीनं विचारलं, "कागद आहे का तुमच्याकडे?" कागद नव्हता. पुढच्या शनिवारी सहा मुलं, आजोबा आणि मी तलाठ्याकडे जुना फेरफार मागायला गेलो. तारखा मिळाल्या. मुलांनी तीन अर्ज लिहिले, तिसरा बिनचूक होता.

प्रयोग त्या वर्षीच संपला. त्याला गुण नव्हते, आणि पुढच्या वर्षी ती मुलं दहावीला गेली. आज सहावी ते आठवीच्या पुस्तकावर 'इतिहास व नागरिकशास्त्र' असं छापलेलं असतं, दहावीच्या पुस्तकावर 'इतिहास व राज्यशास्त्र'. अठरा वर्षं पूर्ण व्हायला दोनतीन वर्षं उरतात तेव्हा नावातला नागरिक जातो. नाव बदलणाऱ्यांच्या मनात तसं काही नसेलही, पण माझं लक्ष तिकडे जातं.

फेरफाराची नक्कल चौथ्या खेपेला मिळाली. बाळबोध अक्षर, जुनी शाई, मोडीच्या वळणाचं. आजोबांना वाचता येत नव्हतं आणि नातू अडखळत होता. शेवटी त्या मुलीनं कागद हातात घेतला. सक्तीची मराठी शिकलेली ती, एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागली. आजोबांच्या वडिलांचं नाव कमी करून सरकारचं नाव लावल्याची नोंद होती. आजोबांनी तिला ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. तिनं पुन्हा वाचली.