कुत्र्याचें भुंकणें

कुत्र्याच्या भुंकण्यास आपण आज उपद्रव म्हणतों; परंतु ज्या गुणासाठीं मनुष्यानें त्यास दारीं ठेवून घेतलें, तोच हा गुण होय. प्रौढ लांडगा क्वचितच भुंकतो. कुत्र्याची ही संवय मनुष्याच्या सहवासांत वाढली. सातारच्या शाहूमहाराजांच्या आवडत्या कुत्र्यानें वाघाच्या शिकारींत धन्याचे प्राण वांचविले, आणि महाराजांनीं त्याच्या नांवें जहागिरीची सनद देऊन त्यास पालखीचा मान दिला, असें ग्रँट डफनें १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत लिहिलें आहे. डफसाहेब हिला राजाची लहर समजतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या प्रसंगीं तो कुत्रा मुका राहिला असेल, असें कोण म्हणेल?

शाहूमहाराज १७४९ सालीं वारले. पुढें राज्य बदललें, तसें कुत्र्याचें नशीबही बदललें. मुंबईंत भटकीं कुत्रीं फार झालीं, तेव्हां इंग्रज अंमलदारांनीं तीं मारण्याचा हुकूम काढून दर कुत्र्यामागें बक्षीस ठेविलें. मग काय विचारतां! बक्षिसाच्या लोभानें शिपाई लोकांच्या घरचीं कुत्रींही ओढून नेऊं लागले. ६ जून १८३२ रोजीं, ऐन सणाच्या दिवशीं, कोटांतील पारशी लोक त्यांच्यावर तुटून पडले. ज्या धर्मांत प्रेतावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा विधि आहे, त्याच्या अनुयायांस हें सहन कसें व्हावें? दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद झालीं, हिंदु व जैन व्यापारीही मिळाले, कोटांतील लोकांचें अन्नपाणी अडलें आणि अखेर फौज बोलवावी लागली. दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांनीं मुंबईंत पांजरापोळ स्थापिली.

मारावें कीं पोसावें, एवढाच तो वाद. शिकवावें, हा तिसरा मार्ग आमच्या मतें दोहोंहून शहाणपणाचा आहे. अमेरिकेंत थॉर्नडाइकनें १८९८ सालीं मांजरें व कुत्रीं पेटींत कोंडून दाखविलें कीं, जिचें फळ सुखाचें, ती कृति प्राणी पुन्हां करितो.

आमच्या भिवंडींत यंत्रमागांची खडखड आहेच; तींत शेजारचें कुत्रें दुपारभर भुंकत राहिलें, तर रात्रपाळी करून आलेल्या कामगारानें निजावें केव्हां? मालक गच्चीवरून "गप्प!" म्हणून ओरडतो, आणि धनीही आपल्याबरोबर भुंकतो आहे, असें वाटून कुत्र्यास अधिकच चेव येतो. खरी रीत निराळी. दोनचार वेळां भुंकूं द्यावें, मग हलक्या स्वरांत "पुरे" म्हणावें आणि तोंड मिटतांक्षणींच भाकरीचा तुकडा द्यावा. आज क्षणभराची शांतता पुरे. उद्यां दहा अंक मोजीपर्यंत थांबावें. भुंकत असतांना तुकडा टाकला, तर भुंकण्याचीच शिकवणी झाली! दिवसभर सांखळीला एकटें बांधलेल्या कुत्र्यास मात्र आधीं फिरवून आणावें. कंटाळ्यानें भुंकणाऱ्यास नुसत्या शिकवणीनें गुण येत नाहीं. आणि घरांतील सर्वांनीं शब्द एकच ठेवावा. आजोबांनीं "पुरे" म्हणावें व नातवानें "हाड्" म्हणावें, तर त्या बिचाऱ्यानें कोणाचें ऐकावें?