चिंचवडमध्ये वाढलेली परप्रांतीयांची मुलं नोकरीसाठी 'स्थानिक' ठरतात का?

आईवडील बिहारमधून आले. मुलगी मात्र चिंचवडच्या शाळेत शिकली, महापालिकेच्या मोरवाडीतल्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाली. नोकरीच्या अर्जावर ती इथली की तिकडची? नोकरी कुठली, त्यावर उत्तर बदलतं.

कारखान्यात ती इथलीच. राज्य सरकारच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांत ८० टक्के कर्मचारी आणि पर्यवेक्षकीय पदांवर ५० टक्के लोक स्थानिक असावेत, असं सरकारचं धोरण आहे. त्यात 'स्थानिक' ठरवण्याचं मुख्य माप म्हणजे महाराष्ट्रातलं १५ वर्षांचं वास्तव्य. त्यासाठी तहसीलदारांकडून अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला डोमिसाइल म्हणतो ते, मिळतं. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज करता येतो. शाळा सोडल्याचा दाखला इथे सर्वात कामी येतो.

राज्य सरकारच्या राखीव जागेचा प्रश्न आला की हीच मुलगी परकी होते.

याचं मूळ मुंबईतल्या एका खटल्यात आहे. आंध्र प्रदेशातल्या अनुसूचित जमातीचा एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईत आला, इथेच बारावी झाला. मेडिकलला राखीव जागा मात्र मिळाली नाही. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यनिहाय आहेत, त्यामुळे एका राज्यातला लाभ दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. २०१८ मध्ये सरकारी नोकऱ्यांबाबतही न्यायालयाने हेच तत्त्व कायम ठेवलं. मुलगी इथे जन्मली तरी फरक पडत नाही, कारण जात वडिलांच्या मूळ राज्यावरून मोजली जाते. अखिल भारतीय पातळीवर भरल्या जाणाऱ्या केंद्राच्या नोकऱ्यांत मात्र तिला राखीव जागेसाठी अर्ज करता येतो.

मग लातूर, धाराशिवहून आलेल्यांच्या मुलांचं काय? त्यांचं आरक्षण चिंचवडमध्येही चालतं, पण जातीच्या दाखल्यासाठी गावच गाठावं लागतं. ठरावीक तारखेला कुटुंब महाराष्ट्रात कुठे राहत होतं, हे दाखवावं लागतं. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. चाकणला शिफ्ट करणाऱ्या पोराने आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला सुट्टी टाकायची, असा हा प्रकार.

दाखल्यानंतर जात पडताळणी समितीची वैधताही लागते. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो. मूळ गावचे कागद दहावीनंतर लगेच मागवून ठेवलेले बरे.